एक एकर उसाचा ठिबक संच : तीन उन्हाळ्यांचा अनुभव

ठिबक संचाच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर '५० टक्के पाणी बचत' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्वहंगामी उसाच्या लागणीबरोबर मी एका एकरावर हा संच बसवला, पुढच्या वर्षी तो दुसऱ्या एकरावर वाढवला आणि आज तीन उन्हाळे पार पडल्यानंतर त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. संच चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण पहिल्या पानावरचे ते वाक्य अर्धे आहे. पाणी पिकाच्या बुडाशी वाचते, विहिरीत वाचतेच असे नाही, आणि हा फरक मला विक्रेत्याने नव्हे तर विहिरीत सोडलेल्या दोरीने शिकवला.

माझी शेती सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात, माण नदीपासून चार किलोमीटर आत आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि विहीर ५५ फूट. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी डाळिंब लावले होते. पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किडीने बाग गेली तेव्हा इतरांप्रमाणे मीही उसाकडे वळलो. इतक्या कमी पावसाच्या या प्रदेशात ऊस लावणे शहाणपणाचे आहे का, हा प्रश्न वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी लागते, म्हणजे आमच्याकडे पडते त्याच्या जवळपास चौपट. परंतु खात्रीने उचलले जाणारे दुसरे पीक हाताशी नसताना शेतकरी जे करतो, तेच मी केले.

संचाची रचना नेहमीची आहे. विहिरीवर ५ अश्वशक्तीची मोटार, तिच्या पुढे वाळूचा फिल्टर, त्यानंतर जाळीचा फिल्टर, विरघळवलेले खत पाण्यात ओढून घेणारी व्हेंचुरी, दोन दाबमापके, मुख्य पाइप, दोन व्हॉल्व्ह आणि पाच फुटी सरीवर प्रत्येक ओळीला १६ मिलिमीटरची नळी, जिच्या आत दर ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटर पाणी ठिबकवणारा ड्रीपर बसवलेला आहे. नळीवर दर थोड्या अंतरावर व्यास, अंतर, प्रवाह, उत्पादनाचा महिना आणि आयएस १३४८८ हा मानक क्रमांक पांढऱ्या शाईत छापलेला असतो. घेताना तो प्रत्येक बंडलावर वाचून घ्यावा. माझ्या सव्वीसशे मीटर नळीत एक बंडल ३० सेंटिमीटर अंतराचे निघाले होते, ते मी उन्हात उभा राहून छाप वाचत होतो म्हणून सापडले. दुकानदाराने ते विनातक्रार बदलून दिले, हेही नोंदवले पाहिजे.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. 'प्रति थेंब अधिक पीक' या केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर धरून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ही टक्केवारी तुमच्या बिलावर नसून शासनाने ठरवलेल्या प्रमाण खर्चावर मोजली जाते, हे मात्र दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. माझ्या हातात आलेली रक्कम बिलाच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. पूर्वसंमती मिळण्याआधी संच खरेदी करू नये, एवढी एक सूचना नवीन घेणाऱ्यांना पुरे.

आता संचाच्या कामाकडे येतो. पहिल्या महिन्यात सारे सुरळीत वाटले, कारण नव्या लागणीत पाणी कमी पडले तरी ते लगेच दिसत नाही. फेब्रुवारी उजाडल्यावर सरीच्या वरच्या टोकाचा ऊस आणि खालच्या टोकाचा ऊस यांत उंचीचा फरक डोळ्यांना जाणवू लागला. फिटरने खत कमी पडल्याचे निदान केले आणि विद्राव्य खताच्या आणखी दोन गोण्या सुचवल्या. मला ते पटले नाही. घरातल्या तीन सारख्या वाट्या आणि नातवाच्या औषधाबरोबर आलेले मोजमापाचे टोपण घेऊन मी एका ओळीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी ड्रीपरखाली माती उकरून वाट्या ठेवल्या व बरोबर सहा मिनिटे पाणी सोडले. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरमधून सहा मिनिटांत ४०० मिलिलिटर पडायला हवे. सुरुवातीच्या वाटीत ४१० निघाले, मधल्या वाटीत ३०० आणि शेवटच्या वाटीत २३०.

टोपणाने पाणी मोजत बसलेल्या माणसाकडे पाहून शेजारच्या बांधावरून 'गुरुजी, उसाला डोस पाजताय का?' असा प्रश्न आला होता. पण या मोजणीने दोन गोण्या खताचे पैसे वाचवले. कारण साधे होते. माझा एकर लांबट आहे, सुमारे ४० मीटर रुंद आणि १०१ मीटर लांब, आणि फिटरने सगळ्या नळ्या एकाच टोकाकडून भरल्या होत्या. एका नळीवर अडीचशे ड्रीपर येतात आणि तासाला हजार लिटर पाणी १६ मिलिमीटरच्या नळीतून ढकलावे लागते; शेवटी पोहोचेपर्यंत घर्षणाने दाब संपून जातो. या जातीची नळी ५० मीटरच्या आसपास ठेवावी, असे त्याच कंपनीच्या तक्त्यात लिहिले होते, पण मधोमध सबमेन, म्हणजे नळ्यांना पाणी वाटणारा पाइप, टाकायचा म्हणजे आणखी पाइप, आणखी चर खोदणे आणि आणखी एक दिवस. ते टाळले गेले होते. मी विक्रेत्याला तक्ता दाखवल्यावर त्याने मजुरी घेतली नाही, पाइपाचे पैसे मात्र घेतले. सबमेन मध्यावर आल्यानंतरच्या मोजणीत वाट्यांत ४०५, ३९० आणि ३८० मिलिलिटर पाणी पडले, आणि जूनपर्यंत दोन्ही टोकांचा ऊस सारखा झाला. संच घेणाऱ्या प्रत्येकाने फिटर शेतात असतानाच ही वाटीची परीक्षा करावी, त्याचे पैसे द्यायचे बाकी असताना.

देखभालीचे काम माहितीपत्रकात अर्ध्या पानात उरकलेले असले तरी प्रत्यक्षात तेच अर्धे आयुष्य खाते. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांत अर्ध्या किलोहून अधिक फरक दिसला की वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो. पावसाळ्यानंतर विहिरीत शेवाळ असते तेव्हा हे काम जवळपास रोजचे होते. आमचे पाणी जड आहे. वर्षभरात ड्रीपरच्या तोंडाशी क्षार धरू लागतात, आणि ते काढण्यासाठी पाण्याचा सामू (पीएच) ४ पर्यंत उतरेल इतके आम्ल संचातून सोडून रात्रभर नळीत ठेवावे आणि सकाळी सगळ्या नळ्यांची टोके उघडून फ्लश कराव्यात. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरचे पाणी सोडतात. ही दोन्ही कामे एकाच दिवशी कधीही करू नयेत. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू सुटतो, आणि ही सूचना डब्यावर इतक्या बारीक अक्षरांत असते की ती वाचायला चष्मा लावून बसावे लागते.

व्हेंचुरीने खत देणे ही या संचाची सर्वांत समाधानकारक बाजू आहे. युरिया आणि १२:६१:० यांसारखी विद्राव्य खते थोड्या थोड्या हप्त्यांत थेट मुळाशी जातात, वाया जाणारे प्रमाण घटते, आणि तण फक्त ओल्या पट्ट्यात उगवत असल्याने खुरपणीही कमी होते. डीएपी मात्र या वाटेने देऊ नये. ते पूर्ण विरघळत नाही आणि त्याचा गाळ ड्रीपरमध्ये बसतो. नळ्यांना उंदीर आणि खारी कुरतडतात, विशेषतः उन्हाळ्यात, पाण्याच्या वासाने. जोडणीचे सुटे तुकडे जवळ ठेवावेत, दुसरा उपाय मला सापडलेला नाही. तोडणीच्या वेळी नळ्या गुंडाळून बांधावर ठेवाव्या लागतात, कारण ऊसतोड मजुरांच्या कोयत्याला सरीत काय पडले आहे ते दिसत नाही. सव्वीसशे मीटर नळी गुंडाळायला आम्हा तिघांना दीड दिवस लागला. ठिबक घेतल्यावर पाचट पेटवण्याचा विषय संपतो, आणि ते एका अर्थी बरेच झाले.

एवढ्यावर हे परीक्षण संपले असते, तर मी त्याला पाचापैकी साडेचार गुण दिले असते.

पाण्याचा हिशेब मात्र वेगळा निघाला. ठिबकाआधी मी पाटाने पाणी देत असे. दोनशे लिटरचे पिंप मोटारीने ५० सेकंदांत भरते, म्हणजे मोटार तासाला १४,४०० लिटर ओढते. एक एकर भिजवायला मला २२ तास, म्हणजे विजेच्या पाळ्या धरून तीन रात्री लागत, आणि उन्हाळ्यात ही पाळी दर आठ दिवसांनी यायची. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर. त्या हिशेबाने माझी एक पाळी ८० मिलिमीटरची होती, आणि दिवसाची सरासरी ४० हजार लिटर. ठिबकावर मे महिन्यात उसाला दिवसाला ८ मिलिमीटर धरले, तर एका एकराला ३२ हजार लिटर लागतात. पहिल्या उन्हाळ्यात मी असेच पाणी दिले. वाचलेले ८ हजार लिटर माहितीपत्रकातल्या निम्म्याइतके नसले तरी खरे होते, आणि रात्रीची झोप हा वेगळा नफा होता. विजेची पाळी कधीही आली तरी दोन व्हॉल्व्ह सव्वा सव्वा तास चालवून मी घरी परतत असे.

२०२२ चा पावसाळा चांगला झाला. विहिरीत ऑक्टोबरला पाणी वरून १२ फुटांवर होते. वाचलेल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण त्याचे उत्तर गावातल्या प्रत्येक ठिबकवाल्याने आधीच दिलेले होते. करडई आणि ज्वारीच्या कोरडवाहू एकरावर मीही दुसरा संच टाकला आणि तिथेही ऊस लावला. त्यानंतरचा हिशेब कागदावर मांडायला मला आणखी एक वर्ष लागले, आणि तो तिसरीतल्या मुलालाही जमला असता : दोन एकरांचे रोजचे ६४ हजार लिटर. पाटाने एक एकर भिजवणारा, पाण्याची उधळपट्टी करणारा जुना मी विहिरीतून दिवसाला ४० हजार लिटर उपसत होतो, आणि अनुदानप्राप्त, सुधारित, जलसाक्षर असा नवा मी त्याच्या दीडपटीहून अधिक.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती पाटपाण्याला नावे ठेवताना विसरली जाते. सरीतून मुळांच्या खाली मुरलेले पाणी सगळेच वाया जात नाही. आमच्यासारख्या उथळ विहिरींच्या भागात त्याचा काही भाग खाली उतरून पुन्हा माझ्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीला येतो. बाष्पीभवनाने उडते ते खरे नुकसान. ठिबकाने मुरणारे पाणी थांबते, आणि तेच पाणी वाढलेल्या क्षेत्रातल्या उसाच्या पानांतून हवेत जाते. शेत कार्यक्षम होते आणि भूजल मात्र कमी परत मिळवते. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्ट खडकाचा आहे, ज्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. त्यामुळे एका पावसाळ्यातले पाणी पुढच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवण्याची सोय या जमिनीत जवळपास नाही.

२०२३ चा पावसाळा तोकडा गेला. राज्य सरकारने त्या वर्षी दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत सांगोला होता. मी आता दर पंधरवड्याला गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून पातळी वहीत लिहू लागलो होतो, आणि ऑक्टोबरची पहिलीच नोंद २७ फूट होती. फेब्रुवारीत मोटार दोन तासांत हवा धरू लागली. एप्रिलमध्ये दुसऱ्या एकरावरचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, मी चाऱ्यासाठी तोडून दिला. संचात एकही बिघाड नव्हता. सगळे ड्रीपर मोकळे, दोन्ही दाबमापके ठीक, फक्त त्यातून सोडायला काही नव्हते.

हे केवळ माझ्या अविचाराचे फळ आहे असे मानायला मी तयार आहे, पण तसे ते दिसत नाही. मोरोक्कोने २००८ साली सुरू केलेल्या हरित मोरोक्को योजनेत ठिबकासाठी ८० ते १०० टक्के अनुदान दिले, आणि तिथल्या सूस खोऱ्यात बागा वाढल्या तरी भूजल खाली जातच राहिले. भारत जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या अहवालानुसार वर्षाला सुमारे २४१ अब्ज घनमीटर, आणि त्यातले ८७ टक्के शेतीसाठी. जिथे अनुदान यंत्राला मिळते आणि उपशाला मर्यादा नसते, तिथे वाचलेले पाणी नव्या क्षेत्रात जाणे हा शेतकऱ्याचा लोभ नसून व्यवहार आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे; मला तिचा लाभ मिळतो आणि मी तो नाकारलेला नाही, परंतु बिल शून्य असताना मोटार बंद करण्याचे एकमेव कारण उरते ते म्हणजे विहिरीचा तळ. आपल्याकडे ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घालणारा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे, तरी बोअर मारणारी गाडी रात्री गावात येते तेव्हा तो कायदा कोणाच्या ओठावर असल्याचे मी ऐकलेले नाही.

याचे उत्तर महाराष्ट्रात कधी सापडलेच नव्हते, असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम असा होता की पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी मिळेल, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस आणि केळी टाळली, आणि पाऊस मोजून त्या वर्षीच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवली. या दोन्ही ठिकाणी आधी क्षेत्राची मर्यादा ठरली, मग साधन आले. आमच्याकडे उलट झाले. ठिबक संच मर्यादेत वापरला तर उत्तम साधन आहे, आणि मर्यादा तो स्वतः घालू शकत नाही. हे त्याच्याकडून अपेक्षित धरणे म्हणजे तराजूने दुकानदाराला प्रामाणिक करावे असे म्हणण्यासारखे आहे.

नवीन संच घेणाऱ्यांनी माझ्या मते दोन गोष्टी कोटेशनमध्येच लिहून घ्याव्यात. पहिली म्हणजे नळीची लांबी आणि सबमेनची जागा, शेताच्या मोजमापासह. दुसरी म्हणजे मुख्य पाइपावर पाणी मोजणारा मीटर. दाबमापक दाब सांगते, फिल्टर स्वच्छ आहे की नाही ते सांगते, पण महिन्यात किती लाख लिटर उपसले हे संचातला एकही भाग सांगत नाही; मी पिंपाच्या सेकंदांवरून जो हिशेब केला तो अंदाजे आहे, आणि विहिरीची पातळी खाली गेली की मोटारीचा प्रवाहही घटतो, त्यामुळे तो वर्षभर लागू पडत नाही.

यंदा पाऊस समाधानकारक झाला. ऑक्टोबरमध्ये दोरी १४ फुटांवर भिजली, आणि वहीतल्या मागच्या नोंदी पाहून मी ऊस एकाच एकरावर ठेवला आहे. दुसऱ्या एकरावर ज्वारी पेरली आहे आणि तिथला संच गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर टाकला आहे. दिवाळीनंतर विक्रेत्याचा फोन आला की अनुदानाचे अर्ज पुन्हा सुरू झाले आहेत, गुरुजी, उरलेल्या रानावरही टाकून घ्या. मी त्याच्याकडे अडीच इंची मीटरची किंमत मागितली. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला की इतक्या वर्षांत मीटर कोणी मागितलेला नाही, कंपनीकडून मागवावा लागेल, पंधरा दिवस तरी लागतील. मी मागवायला सांगितले आहे.